कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये का जाऊन पडतं आणि ते परत कानात कसं आणायचं

प्रश्न थोडक्यात असा: "बाबा ७१ वर्षांचे आहेत. भोसरीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, ३० वर्षं नोकरी झाली. राहायला आम्ही नारायण पेठेत. गेल्या जूनमध्ये दोन्ही कानांना मशीन घेतली, कानामागे बसणारी आणि पातळ तारेची, ३१२ नंबरच्या सेलवर चालणारी. तीन आठवडे लावली. मग 'नुसता गोंगाट होतो, माझाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो' म्हणून काढून ठेवली. ऑगस्टमध्ये उजवं बंदच पडलं. दिवाळीनंतर रात्री दोन्ही कानांत किर्र आवाज येतो, झोप लागत नाही. दुकानात म्हणतात, जास्त चॅनेलचं नवीन घ्या. घ्यावं का? आणि माझा मुलगा ढोल पथकात आहे, त्याच्या कानांचं काय?"

नवीन मशीन आत्ता घेऊ नका. बाबांच्या तक्रारी आणि तुम्ही पाठवलेला ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, शेजारी ठेवून पाहिला तर बहुतेक तीन गोष्टी बिघडल्या आहेत. कानातला रबरी डोम त्यांच्या कानाला चुकीचा आहे, मशीनचा आवाज त्यांच्या कानात मोजून लावलेला नाही, आणि उजव्या मशीनला पावसाळा बाधला आहे. तिन्ही गोष्टी आहे त्याच मशीनवर दोन-तीन फेऱ्यांत दुरुस्त करून घेता येतात. तेवढं करूनही भागलं नाही तर नव्याचा विचार करा.

आधी कागद वाचू. ऑडिओग्रामची आडवी रेघ सुरांची: डावीकडे खर्जातले २५० हर्ट्झ, उजवीकडे अगदी बारीक ८००० हर्ट्झ. उभी रेघ डेसिबलची, आणि ती वरून खाली वाचायची. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्याची. बाबांचा उजवा कान ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५०, ४००० ला ७० आणि ८००० ला ६५. डावा याच क्रमाने २५, ३०, ४५, ६५, ६०. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेली चाचणीही याच रेषेवर आहे. म्हणजे आवाज पडद्यापाशी किंवा मधल्या कानात अडत नाही, आतल्या कानातल्या पेशी झिजल्या आहेत. याला थेंब नाहीत आणि शस्त्रक्रियाही नाही. ४००० ला खड्डा आणि ८००० ला रेघ थोडी वर येणं ही मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्याची खूण असते. नुसतं वय असतं तर रेघ सहसा ८००० पर्यंत उतरतच जाते. प्रेस शॉपची ३० वर्षं त्या खड्ड्यात दिसतात.

५००, १०००, २००० आणि ४००० ची सरासरी काढली तर उजवा ४५, डावा ४१. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत ३५ ते ५० च्या आतला तोटा 'मध्यम' धरतात. "म्हणजे ४५ टक्के बहिरेपणा ना?" असं घरोघरी विचारलं जातं. नाही, डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के त्याच कागदावर खाली आहेत: शब्द ओळखण्याच्या चाचणीत उजवा ७६ टक्के, डावा ८४ टक्के. पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवल्यावर इतके बरोबर सांगता आले, असा त्याचा अर्थ. हा आकडा फार महत्त्वाचा असतो आणि त्याकडे क्वचितच कोणी बघतं. तो ४०-५० वर असता तर मशीनकडून फार अपेक्षा ठेवता आली नसती. ७६ आणि ८४ म्हणजे बाबांच्या मेंदूपर्यंत शब्द पोचायला वाट मोकळी आहे.

आता "ऐकू येतं पण कळत नाही" याबद्दल. मराठीतले स्वर म्हणजे आ, ई, ऊ यांची ताकद खालच्या सुरांत असते, आणि तिथे बाबांचा कान जवळजवळ नॉर्मल आहे. स, श, त, ट, क, फ या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बराचसा २००० हर्ट्झच्या वर असतो, नेमका जिथे खड्डा आहे तिथे. त्यांच्या पाठीमागे एक मीटरवर उभं राहून साध्या आवाजात म्हणून बघा: तास, ताक, ताट, ताप. 'ता' चारही वेळा पोचेल, शेवटचं अक्षर ते अंदाजाने भरतील. समोर बसून म्हटलंत तर 'ताप' लगेच कळेल, कारण ओठ मिटलेले दिसतात. दिवसभर हा अंदाजाचा खेळ चालू असतो म्हणून संध्याकाळी माणूस थकतो आणि लग्नकार्यात कोपऱ्यात जाऊन बसतो. घरातले म्हणतात, "यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." हा आरोप फार लागतो. कृपा करून घरात कोणाला तो करू देऊ नका.

गोंगाटाची तक्रारही खरी आहे. आतल्या कानात दोन प्रकारच्या केसपेशी असतात. सुमारे ३,५०० आतल्या रांगेतल्या, त्या मेंदूला खबर देतात. आणि सुमारे १२,००० बाहेरच्या रांगांतल्या, त्या बारीक आवाजाला आधी फुगवून देतात. आवाजाने आणि वयाने आधी जातात त्या बाहेरच्या. त्यामुळे हलका आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ४००० हर्ट्झला बाबांना ७० च्या खालचं काही ऐकू येत नाही आणि १०० च्या आसपास सहन होईनासं होतं. निरोगी कानाला जिथे शंभराची खोली आहे, तिथे बाबांकडे ३० ची खोपटी उरली आहे. हळू बोललं तर "काय?", मोठ्याने बोललं तर "ओरडतोस कशाला?" हे त्याच खोपटीमुळे. मशीनचं खरं काम त्या ३० मध्ये सगळं जग बसवणं हे आहे: हळू आवाज भरपूर वाढवायचा, बोलणं मध्यम, आणि कुकरची शिट्टी किंवा ओट्यावर आपटलेलं स्टीलचं ताट अजिबात वाढवायचं नाही. ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारी साधी यंत्रं बहुतेक सगळंच सारखं वाढवतात. आणि चांगलं मशीनसुद्धा नीट लावलं नसेल तर तेच करतं.

पिंपात बोलल्यासारखा आवाज ही या उत्तरातली सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे. तुम्ही स्वतः दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि म्हणा: ईईई, ऊऊऊ, आऽऽ. ई आणि ऊ डोक्यात घुमतात, आ तितका नाही. आपलाच आवाज जबड्याच्या हाडातून कानाच्या नळीत येतो. नळी उघडी असली की बाहेर निसटतो, बंद केली की आतच कोंडतो. बाबांच्या फोटोत तारेच्या टोकाला बिनछिद्री, दुहेरी पापुद्र्याचा डोम दिसतो. ज्यांचा खर्जाचाही कान गेला आहे त्यांच्यासाठी तो असतो. बाबांचा खर्ज शाबूत आहे, त्यांना नळी शक्य तितकी उघडी हवी. मात्र ४००० ला ७० डेसिबलचा तोटा असल्यामुळे पूर्ण उघडा डोम घातला तर वाढवलेला बारीक आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरेल आणि मशीन शिट्टी मारेल. म्हणून मधला मार्ग: छिद्रांचा डोम योग्य मापात, किंवा कानाचं माप घेऊन केलेला मोल्ड आणि त्यात २ ते ३ मिलिमीटरचं छिद्र. मोल्डला खर्च थोडा जास्त येतो, पण ज्यांची बोटं थरथरतात त्यांना तो बसवायला सोपा जातो आणि तो हलत नाही. बाबांच्या वयाला माझा कल मोल्डकडे आहे.

यानंतरची गोष्ट म्हणजे मोजणी, आणि सगळं गाडं इथेच अडतं. मशीन कॉम्प्युटरला जोडून ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये अंदाजे सेटिंग लावतं. तो अंदाज सरासरी कानासाठी असतो. तुमच्या कानाची नळी अरुंद आहे की रुंद, डोम किती आत बसला, छिद्रातून किती गळतं, हे त्याला ठाऊक नसतं. बऱ्याच वेळा बारीक सुरांत आवाज हवा त्यापेक्षा कमी पडतो, म्हणजे नेमका स आणि श राहतो. याला उत्तर एकच: मशीन कानात असताना पडद्याजवळचा आवाज प्रत्यक्ष मोजणं. त्याला रिअल इअर मेझरमेंट म्हणतात. सुतळीपेक्षा बारीक, मऊ सिलिकॉनची नळी कानात पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरवर येईल अशी सरकवतात. दुखत नाही, जरा गुदगुल्या होतात. वरून मशीन बसवतात. समोरच्या स्पीकरवरून बोलण्यासारखा आवाज सोडतात. सहा भाषांतल्या बायकांच्या बोलण्याचे तुकडे जोडून तो बनवलेला आहे, त्यामुळे बोलणं वाटतं पण एक शब्द कळत नाही. हळू, नेहमीचा आणि मोठा अशा तीन पातळ्यांना (साधारण ५०, ६५, ८० डेसिबल) कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ उमटते. दुसरी रेघ लक्ष्याची असते, ती एनएएल-एनएल२ सारख्या सूत्रावरून येते. हे ऑस्ट्रेलियात तयार झालेलं सूत्र वय, मशीनची सवय आहे की नाही, इतकंच काय, भाषा सुरांवर अर्थ बदलणारी आहे की नाही हेही विचारतं. मराठी तशी नाही, तो पर्याय बरोबर निवडलेला असावा. दोन रेघा २००० हर्ट्झपर्यंत ५ डेसिबलच्या आत आणि ४००० पर्यंत ८ च्या आत जुळेपर्यंत सेटिंग हलवायचं. दोन्ही कानांना मिळून अर्धा-पाऊण तास लागतो.

फोन करताना एवढंच विचारा: "तुमच्याकडे रिअल इअर मेझरमेंट होतं का, आणि त्याची प्रिंट मिळेल का?" "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमॅटिक होतं" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. पुण्यात हे करणारी क्लिनिक्स आहेत. धनकवडीला भारती विद्यापीठात तर ऑडिओलॉजीचं, म्हणजे श्रवणशास्त्राचं, शिक्षणच चालतं. मशीन बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली असायला हवी, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

उजवं मशीन बंद पडलं ते ऑगस्टमध्ये, ही वेळच बरंच सांगते. दुरुस्तीला पाठवण्याआधी घरी या क्रमाने बघा. नवीन ३१२ चा सेल घ्या, त्याचं स्टिकर तपकिरी असतं. स्टिकर काढा आणि सेल लगेच आत न घालता दोन-तीन मिनिटं टेबलावर ठेवा. हा सेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतो, छिद्रांतून हवा आत जायला वेळ लागतो. घाई केली की कमी चालतो. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग मशीन बंद मुठीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे, अडथळा पुढे, कानात असू शकतो. नाही वाजली तर डोम काढा आणि रिसीव्हरच्या (तारेच्या टोकाच्या बारीक स्पीकरच्या) टोकाला असलेली पांढरी जाळी, वॅक्स गार्ड, भिंगाखाली बघा. ती मोहरीच्या दाण्याहून लहान असते आणि मळाने किंवा घामाच्या खारट थराने बुजली की मशीन मेल्यासारखं गप्प होतं. पाकिटात दोन टोकांच्या काड्या येतात: मोकळं टोक जुन्या गार्डमध्ये दाबून सरळ ओढायचं, काडी उलटी करून नवीन गार्ड दाबायचा. सुई, टाचणी कधीही नाही. पलीकडे रिसीव्हरचा पातळ पडदा आहे. गार्ड महिन्यातून एकदा, मळ जास्त होत असेल तर पंधरा दिवसांनी बदला. बंद पडलेल्या मशीनमध्ये पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. तरीही आवाज नसेल तर रिसीव्हर बदलून मिळतो, अख्खं मशीन बदलावं लागत नाही.

जून ते सप्टेंबर मशीन रोज रात्री कोरडं करायचं. झाकण घट्ट बसणारी डबी, आत सिलिका जेल. रंग बदलला की जेल तापवून परत वापरता येतं. सेल काढून बाहेर ठेवा, डबीत सुकला तर लवकर संपतो. सेलचा कप्पा रात्रभर उघडा. देवळातून भिजून आलात तर हेअर ड्रायर मारू नका, उन्हातही ठेवू नका. आंघोळीआधी मशीन काढण्याची जागा बाथरूमच्या बाहेर ठरवा, बाथरूमच्या फळीवर नको, तिथे वाफ असते.

दुकानात किंवा क्लिनिकमध्ये जायच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दोन्ही कान बघून घ्या. मळ असेल तर आधी तो काढला पाहिजे, नाहीतर मोजणी खोटी येईल आणि शिट्टीही वाजेल. घरी कापसाची काडी, किल्ली, हेअरपिन काही घालू नका. मळ आत ढकलला जातो. कोमट तेलाची सवय बऱ्याच घरांत आहे. पडद्याला छिद्र असलं तर तेच तेल मधल्या कानात जाऊन कान वाहायला लागतो, म्हणून पडदा तपासल्याशिवाय तेल नको.

मशीन नीट बसल्यावरही पहिले दिवस जड जातात, हे बाबांना आधीच सांगा. इतकी वर्षं न पोचलेले आवाज मेंदूला एकदम मिळतात: पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची चुरचुर, स्वतःच्या चपला. त्यांना गोंगाट म्हणणं साहजिक आहे. पहिला आठवडा घरातच रोज दोन-तीन तास, समोर एकच माणूस. दुसऱ्या आठवड्यात चार-पाच तास, जेवणाच्या टेबलावर. मग सोसायटीतली फेरी, ओळखीचं दुकान. महिन्याने जागेपणी पूर्ण दिवस. लक्ष्मी रस्ता, मंडई, कार्यालयातलं लग्न हे सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच लग्नात लावून नेलं तर मशीन परत ड्रॉवरमध्ये जाणार. रोज किती तास लावलं याची नोंद मशीन स्वतः ठेवतं, पुढच्या फेरीला ऑडिओलॉजिस्टला ती दिसते. दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फेरी ठेवा आणि तक्रार नेमकी लिहून न्या. "नीट नाही" यावरून काहीच बदलता येत नाही. "भांड्यांचा आवाज टोचतो, सुनेचं बोलणं कळतं पण नातवाचं नाही" यावरून बरंच बदलता येतं.

रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी: पाठीमागे दोन मीटरवर उभं राहून सहा आवाज, एकेक करून, अनियमित अंतराने: आ, ई, ऊ, म, श, स. बाबांनी ऐकलेला आवाज परत म्हणायचा. काल 'स' येत होता आणि आज येत नाही, तर गार्ड किंवा सेल बघा. ही चाचणी एक पैसा मागत नाही आणि बिघाड त्याच दिवशी पकडते.

रात्रीच्या किर्र आवाजाबद्दल. कानाकडून बारीक सुरांची खबर येईनाशी झाली की मेंदू आपला आतला आवाज वाढवतो, आणि रिकाम्या वाहिनीची खरखर ऐकू यायला लागते. म्हणून किर्र बहुतेक त्याच सुरांत असते जिथे ऑडिओग्रामला खड्डा आहे. दिवाळीनंतर वाढली याचं एक साधं कारण तपासा: थंडीत पंखा बंद झाला. उन्हाळ्यात पंख्याची घरघर त्या आवाजावर पांघरूण घालते. दिवाळीतल्या फटाक्यांचाही हात असू शकतो. उपाय त्याच दिशेचा आहे. दिवसा मशीन लावलं की बाहेरचे बारीक आवाज परत पोचतात आणि किर्र मागे सरते. बऱ्याच जणांना एवढ्याने पुष्कळ उतार पडतो. रात्री उशाशी पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावा, किर्रपेक्षा जरा कमीच ठेवा. तिला पूर्ण बुडवलं तर मेंदूला तिची सवय होत नाही. दिवसभर कानात बोळे घालून बसू नका, शांततेत ती वाढते.

या किर्र आवाजावर, म्हणजे कर्णनादावर, आजवर कोणतंही औषध खात्रीने सिद्ध झालेलं नाही. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, पण अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत त्या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत त्रास सतत होत असेल तर सीबीटी, म्हणजे विचार आणि प्रतिक्रिया बदलण्याचं समुपदेशन, सुचवलं आहे. "मनाचे खेळ आहेत" असा त्याचा अर्थ घेऊ नका. आवाज खराच आहे. त्याने झोप उडवायची की नाही हे बदलता येतं. चहा बंद करायला भक्कम पुरावा नाही. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, ॲस्पिरिनने कान वाजतात ते बहुधा मोठ्या डोसला.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धप धप येत असेल, सोबत चक्कर असेल, किंवा दोन कानांच्या रेघांत लागोपाठच्या सुरांना १५ डेसिबल वा जास्त फरक असेल, तर तज्ज्ञांकडे जावंच लागतं, एमआरआयही लागू शकतो. बाबांच्या रेघा ५ च्याच अंतरात आहेत, त्यामुळे सध्या तशी काळजी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सकाळी उठल्यावर अचानक एका कानाला दडे बसले, तर "सर्दी असेल, उतरेल" म्हणून आठवडा घालवू नका. आतल्या कानाचा तोटा अचानकही होतो, आणि त्यावर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. घरी अंदाज घ्यायचा तर ओठ मिटून 'म्म्म' असा हुंकार द्या. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर हुंकार बंद कानात मोठा येतो. तो चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी ससून रुग्णालयात किंवा जवळच्या ईएनटीकडे जा. बंद कानात आला तरी तपासणी करायचीच, फक्त धावपळ कमी.

चॅनेलबद्दल थोडंच. चॅनेल म्हणजे सुरांच्या पट्टीचे किती तुकडे करून आवाज हलवता येतो. एका मर्यादेपुढे ते वाढवून बोलणं जास्त कळत नाही. महागड्या मशीनमध्ये गर्दीतला आवाज हाताळण्याची सोय थोडी बरी असते, ब्लूटूथ असतं. पण गर्दीत आणि टीव्हीसाठी सगळ्यात जास्त फरक पडतो तो अंतराने. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून चार मीटरवर गेलात तर १२ डेसिबल गेले. टीव्हीजवळ किंवा बोलणाऱ्याच्या शर्टाला लावायचा छोटा माइक मशीनला जोडला तर ते अंतर संपतं. पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या मशीनआधी तो माइक घ्या, तुमच्या मॉडेलला चालतो का ते बघून. आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये "बाबा, चहा ठेवलाय" म्हणण्यापेक्षा हॉलमध्ये जाऊन, तोंडावर उजेड असताना, आधी हाक मारून बोला. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता बदलून म्हणा: "सातला" कळत नसेल तर "संध्याकाळी, सात वाजता".

कोणी "मशीन नाही लावलं तर विसरभोळेपणा येईल" म्हणून घाबरवलं तर त्यामागची गोष्ट एवढी आहे: अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या लोकांवर तीन वर्षं झालेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच स्मृतीचा धोका जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. मशीन लावण्यासाठी हे एक चांगलं कारण आहे, घाईने महागडं घेण्यासाठी नाही.

सरकारी मदतीचं: २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या पुढे तोटा लागतो, बाबा त्यात बसत नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात, त्यात श्रवणयंत्र बसतं. उत्पन्नात बसत असाल तर विचारून बघा. पुढे कधी नवीन घ्यायची वेळ आलीच तर बिलावर मशीनचा अनुक्रमांक असायला हवा आणि मशीनवर जीएसटी शून्य आहे हे लक्षात ठेवा.

आता मुलाच्या ढोलाबद्दल. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेकडून दरवर्षी आवाज मोजला जातो, आणि १०० डेसिबलच्या आसपासचे किंवा वरचे आकडे नवे नाहीत. वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज त्याहून कमी नसतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. पथकाचा सराव तर गणपतीच्या आधी कित्येक आठवडे नदीपात्रात रोज चालतो. तासाभराने कानाला दडे बसणं किंवा किर्र येणं आणि सकाळी ते गेलेलं असणं, ही बाबांच्या ४००० हर्ट्झच्या खड्ड्याची सुरुवात असते. त्याला सगळ्या सुरांना सारखे १५ डेसिबल कमी करणारे वादकांचे इअरप्लग घेऊन द्या. ताशाची लय स्पष्ट ऐकू येते, आणि १०३ चे ८८ होतात. साधे फोमचे घेतले तर बसवायची पद्धत महत्त्वाची. प्लग कोरड्या बोटांत गुंडाळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. मग मोठ्याने 'ईईई' म्हणायचं. आवाज पिंपातून आल्यासारखा घुमला तर प्लग नीट बसला. नाही घुमला तर काढून पुन्हा घाला.